पान दारात नेऊन पाहणारे मदने सर

मदने सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या कन्हेरीच्या मळ्यात, आणि तेही पाठमोरे. विहिरीच्या कडेला आमची थोडी केळी होती. त्यातल्या एका बेटाचा घड दरवर्षी शेजारच्या बेटांपेक्षा भरदार यायचा आणि शेवटच्या फणीपर्यंत केळ सारखे असायचे. माझ्या यजमानांना त्या बेटाचे फार कौतुक. ते बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळीने कामाला जात. तिथे त्यांना कुणीतरी सांगितले की, जवळच एक प्रयोगशाळा निघाली आहे आणि ती केळीच्या एका कोंबापासून बाटलीत शेकडो रोपे करते. झाले. पुढच्या आठवड्यात ते कामावरून परतताना मोटारसायकलवर मागे एका गृहस्थांना बसवूनच घेऊन आले. तेच हरिभाऊ मदने सर.

मी चहा घेऊन मळ्यात गेले, तर पाहुणे बेटापासून लांब, बांधावर उभे. हे बेटाजवळ ताटकळलेले.

“सर, बेट हिकडं हाय,” हे म्हणाले.

“दिसतंय मला. आधी लांबनं बघू द्या. जवळ गेलं की एकच झाड दिसतं.”

“असं व्हय!”

“आमचे वडील मेंढरं राखायचे. दुखणाईत मेंढरू हुडकायला ते कळपात कधी शिरले न्हाईत. बांधावर बसायचे. जे मागं राहतंय, कान पाडतंय, ते आपसूक दिसायचं.”

“मग आमचं बेट कान पाडतंय का?” यांनी हसून विचारले.

“न्हाय. तुमचं कळपाच्या म्होरं चालतंय.”

ते ऐकून यांचा चेहरा असा फुलला की चहा गार झाला तरी त्यांच्या लक्षात आले नाही. मग दोघांनी मिळून त्या बेटाचा एक चांगला मुनवा, म्हणजे बुडातून फुटलेला कोंब, कंदासकट खणून काढला. यांनी तो माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बाळासारखा गुंडाळून सरांच्या हातात दिला. जाताना सर मला म्हणाले, “वहिनी, ह्याची रोपं झाली की आधी तुम्हाला दाखवीन.”

सरांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात मोठमोठ्या मंडळींचे लेख येणार आहेत. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. माहेर निमगाव केतकीचे, घरी पानमळा, शाळेपेक्षा पानमळ्यात जास्त गेले. पुढचे माझे वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झाले आणि नंतर सरांनी दिलेल्या शेतकीच्या मासिकांवर. सरांच्या कामाचे शास्त्र सांगणारे पुष्कळ आहेत. गौरव समितीच्या लोकांनी मला लिहायला सांगितले तेव्हा मी म्हणाले, मला फक्त पिवळ्या पानांचे सांगता येईल. ते म्हणाले, तेच सांगा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता यांना ताप आला. पहिल्या डॉक्टरांनी हिवताप सांगितला. उतार पडेना म्हणून दुसरीकडे नेले, तिथे विषमज्वर म्हणाले. मग डोळे पिवळे दिसू लागले, म्हणून कुणी काविळीचा पाला आणून दिला, तोही पाजला. कुणाची हयगय नव्हती. डॉक्टर धावत होते, दीर धावत होते, मी धावत होते. पण एक औषध लागू पडले की नाही ते कळायच्या आत दुसरे सुरू व्हायचे. हे गेले. कशाने गेले ते मला कुणी सांगितले नाही, कारण ते कुणालाच माहीत नव्हते. कागदावर काहीतरी लिहिलेले आहे. मी ते पुष्कळदा वाचले. वाचता येते, पण त्याने कळत काही नाही. माणूस गेल्याचे दुःख असतेच. कशाने गेला हे कळले नाही की ते दुःख बसायला जागा शोधत घरभर फिरते.

वर्षश्राद्धाच्या आधीच दिरांनी केळी काढून ऊस केला. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. केळीला रोज माणूस लागतो आणि माणूस उरला नव्हता. पण त्या दिवशी विहिरीकडे बघितले तर नुसते आकाश दिसले.

सर भेटायला आले ते त्यानंतर. बातमी त्यांना उशिरा कळली होती. ओसरीवर बसून त्यांनी पाणी घेतले. मग म्हणाले, “वहिनी, तुमच्या केळीची रोपं आमच्याकडं वाढतायत. मी शब्द दिला होता, आधी तुम्हाला दाखवीन. बघायला या.”

मी गेले. कन्हेरीहून बारामतीला एसटीने, तिथून एमआयडीसीपर्यंत चालत. चपला बाहेर, पाय धुऊन आत. सरांनी एक जाड दार उघडले आणि मी उंबऱ्यातच थांबले. खिडकी नाही, ऊन नाही. लोखंडी मांडण्यांवर खालीवर ट्यूबलाइट लावलेल्या आणि त्या पांढऱ्या उजेडात ओळीने बाटल्या. प्रत्येक बाटलीत हिरवे काहीतरी. वातानुकूलित यंत्राची घरघर आणि ट्यूबच्या चोकची गुणगुण एवढाच आवाज. राखणदार तात्या त्या जागेला ‘उजेडाची खोली’ म्हणायचे. आम्ही बायकाही पुढे तेच म्हणू लागलो.

मी विचारले, “ह्यातलं आमचं कुठलं?”

सरांनी एका मांडणीवरून हात फिरवला. “हे सगळं.”

“पर कोंब तर एकच दिला होता.”

“त्या एकाचंच हे सगळं.”

मला काही समजेना. अजूनही पुरते समजलेले नाही. एका कोंबाचे तुकडे करून इतकी झाडे होतात, आणि प्रत्येक झाड तेच असते म्हणतात. मग यांनी ज्याच्यावर हात फिरवला ते झाड मेले की जिवंत आहे? मांडणीच्या कडेला सरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: ‘कन्हेरी’. बाकीच्या मांडण्यांवर नुसते आकडे होते. मी त्या चिठ्ठीकडे बघत उभी राहिले. सर म्हणाले, “बाटल्या धुवायला एक बाई पाहिजे. येणार का?” मला रडू येऊ नये म्हणून त्यांनी कामाचे काढले असावे. दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले.

आधी बाटल्या धुतल्या. मग मुळ्या फुटलेली रोपे बाटलीतून काढून भुश्शाच्या ट्रेमध्ये लावायचे काम मिळाले. ही रोपे लगेच उन्हात नेत नाहीत, ती कोवळी असतात. काही आठवडे त्याच उजेडाच्या खोलीत एका बाजूला ट्रे ठेवून त्यांना हवेची सवय करतात. पाणी घालणे आणि पाने बघणे हे माझे काम झाले.

पाने बघणे सोपे वाटते. एखाद्या रोपाची खालची पाने पिवळी पडतात, ती भुकेने. एखाद्याचे वरचे कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ती वेगळीच उणीव. पाणी जास्त झाले की पिवळे, पाणी कमी झाले की पिवळे. ट्यूबच्या फार जवळ आले की कडा करपतात, फार लांब राहिले की रोप लांबुडके होऊन मान टाकते. बाटलीत ओल जास्त झाली की पान काचेसारखे होते, आरपार दिसावे असे. मी पहिले काही दिवस घरी जाऊन डोळे मिटले तरी पिवळेच बघत होते. मला सगळ्या पानांची दुखणी सारखी वाटायची.

सर सांगायचे, “वहिनी, पिवळं म्हणजे ताप. ताप हे दुखण्याचं नाव नव्हे. खालचं पान का वरचं, ते आधी बघा. एका बाजूचं का सगळ्या ट्रेचं, ते बघा. नाव शेवटी ठेवायचं.”

तापाचा शब्द त्यांनी सहज वापरला. मग त्यांच्या लक्षात आले असावे, कारण ते ट्रे उचलून दाराकडे गेले.

हे दाराकडे जाणे ही सरांची खास पद्धत. ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो. आत हिरवे दिसते ते बाहेर फिके निघते. म्हणून शंकेचे कुठलेही रोप सर आधी बाहेरच्या दारात, दिवसाच्या उजेडात न्यायचे आणि मगच बोलायचे. मी एकदा म्हणाले, “आम्ही लुगडं घेताना असंच करतो. दुकानातल्या दिव्यात रंग एक आन् दारात एक.” सरांना ते इतके आवडले की पुढे कुणी आतल्या आत निदान करू लागले की ते म्हणायचे, “लुगडं दारात आणा!” नवीन आलेल्या शिकलेल्या मुली बावचळायच्या आणि आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसायचो.

आता खरे सांगायचे ते सांगते.

सीताफळाचे दिवस होते. कन्हेरीच्या लॉटची रोपे नुकतीच ट्रेमध्ये आली होती. बाटल्यांतल्या शिल्लक रोपांना मध्यंतरी बुरशी लागून ती टाकावी लागली होती, म्हणजे जे काही उरले होते ते या ट्रेमध्येच. मळ्यातले बेट गेलेले, बाटल्या गेलेल्या. यांच्या हातचे जगात आता एवढेच होते. मी सकाळी गेले की आधी त्यांच्याकडे बघायची. एके सकाळी बघितले तर पानांचे देठ खाली वाकलेले, जणू प्रत्येक रोपाने हात खाली सोडले होते. खालची पाने पिवळी.

मी सरांना बोलावले. त्यांनी लांबून बघितले, जवळून बघितले, दारात नेऊन बघितले. मग म्हणाले, “मला कळत नाही.”

मी घाबरले. सरांना कळत नाही म्हणजे कुणाला कळणार?

दोन-तीन दिवसांत शेजारचे ट्रेही तसेच होऊ लागले. मग व्यवस्थापक साहेब खोलीत आले. ते तरुण, हुशार, पण त्यांना वर उत्तर द्यावे लागायचे. त्यांनी त्याच दिवशी खताचे पाणी बदलायला लावले, टोके काळी पडलेल्या ट्यूब बदलायला लावल्या, यंत्राचे तापमान वाढवायला लावले आणि बुरशीचे औषध फवारायला सांगितले. सर म्हणाले, “साहेब, एका वेळी एकच बदलू. न्हायतर बरं वाटलं तरी कशानं वाटलं ते कळायचं न्हाय.”

साहेब म्हणाले, “सर, थांबायला वेळ कुठंय?”

हे वाक्य मी आधी ऐकले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, दिरांच्या तोंडून, माझ्याच तोंडून. मी हातातला पाण्याचा पंप खाली ठेवला. सगळे बदलले, तरी पाने पिवळी पडतच गेली. काही पाने वाढीव खताने कडेने करपली, काही औषधाने डागाळली. आता बघायला गेले तर एका ट्रेमध्ये चार दुखणी. कुठले मूळचे आणि कुठले आपण केलेले, हे ओळखू येईना. माझे डोके चालेनासे झाले. घरी भाकरी थापताना तव्यावरची विसरायची. सासूबाई म्हणाल्या, “अगं, झाडाचं एवढं काय घेतीस?” एवढे काय घेतले आहे ते मलाच नीट कळत नव्हते. एवढे मात्र कळत होते की हीही गेली, आणि कशाने गेली ते कळले नाही, तर मला पुन्हा उभे राहता येणार नाही.

सरांनी दोन गोष्टी केल्या. साहेबांकडे जाऊन मागून घेतले की आता पुढे काही बदलायचे नाही. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत ते त्या खोलीच्या दाराशी बांधावर बसल्यासारखे स्टूल टाकून बसू लागले. कोण येते, कोण जाते, कुठल्या मांडणीवरून पिवळे पडायला सुरुवात होते, नुसते बघत.

जेवण आमचे बाहेरच्या पडवीत असायचे. तात्यांचे गाव इंदापूरकडचे. त्या दिवसांत ते घरच्या झाडाची सीताफळे टोपलीभर आणायचे आणि पिकली की आम्हा बायकांना वाटायचे. त्या दिवशीही त्यांनी एकेक हातात दिले, सरांनाही स्टुलावर नेऊन दिले. गोड, रवाळ, एकसारखी पिकलेली. कुणीतरी म्हणाले, “तात्या, आमच्या घरी ठेवली तर निम्मी काळी पडत्यात. तुमची बरी सगळी अशी पिकत्यात.”

“जागा धरावी लागती,” तात्या मिशीवर हात फिरवत म्हणाले. “उबारा पायजे आन् वारं नको.”

सर तिकडून तोंडातल्या बिया हातावर काढत म्हणाले, “तात्या, कुठं ठेवता?”

“हितंच की. उजेडाच्या खोलीत. त्या चोकच्या कपाटावर, मागल्या अंगाला. गोणपाट घालून आढी लावली हाय.”

सरांचा हात तसाच राहिला. ते उठले, आत गेले. आम्ही मागोमाग. कन्हेरीच्या मांडणीच्या पाठीमागे, जिथे चोकची ऊब येते तिथे, गोणपाटाखाली सीताफळांची छान आढी. काही फुटलेली. खोलीतला वास आम्हाला रोज येत होता. आम्हाला वाटायचे, तात्या आलेत.

आढीत एक पिकलेले फळ ठेवले की बाकीची लवकर पिकतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. आमच्या आया तसेच करायच्या. सरांनाही ठाऊक होते, शास्त्राने ठाऊक होते. पण ते ज्ञान माळ्यावरचे होते आणि ही खोली प्रयोगशाळा होती. दोन्ही एकत्र आणायचे कुणाला सुचले नाही. सरांनी आम्हाला सांगितले की पिकताना फळातून एक वायू सुटतो, त्याचे नाव इथिलीन. बंद खोलीत तो पानांना लागतो. “पान आपलं समजतं, आपली पिकायची वेळ झाली,” ते म्हणाले.

तात्यांचा चेहरा उतरला. “मी काय विष घातलं व्हय? पोरीबाळींनी गोड खावं म्हनून ठिवली.”

कुणीतरी म्हणाले, “तात्या, तुमच्या सीताफळानं आमची बाटलीतली बाळं निजवली बघा,” आणि दुसऱ्या दिवशी साहेब काय करतील म्हणून तात्या जास्तच कासावीस झाले. तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, “तात्या, ठेवली तुम्ही, पण खाल्ली आम्ही सगळ्यांनी. मी आत्ता तेच खात होतो. आणि खोली माझ्या ताब्यात आहे. कपाटावर काय आहे हे मी बघायला पाहिजे होतं.” साहेबांनाही त्यांनी हेच सांगितले. तात्यांची नोकरी राहिली. त्या वर्षीची उरलेली सीताफळे पडवीतच पिकली आणि निम्मी काळी पडली, पण एकही वाया गेले नाही.

तरीही सरांनी लगेच ‘हेच कारण’ म्हणून शिक्का मारला नाही. दुसऱ्या एका लॉटमधले दोन चांगले ट्रे घेतले. दोन्हींवर प्लॅस्टिकची पिशवी झाकली, एकीत दोन पिकलेली सीताफळे ठेवली, दुसरीत काही नाही. मी विचारले, “आमच्यातला का नाही घेतला?” सर म्हणाले, “त्यांची परीक्षा झाली एवढी पुरे.” थोड्याच दिवसांत सीताफळाच्या पिशवीतल्या रोपांचे देठ खाली वाकले. दुसऱ्या पिशवीतली ताठ उभी होती. सरांनी साहेबांना, तात्यांना आणि आम्हा सगळ्यांना बोलावून ते दाखवले. दोन्ही ट्रे दारात आणून.

साहेब म्हणाले, “म्हणजे सगळं ह्यानंच झालं?”

“बरंचसं. सगळं म्हणता येणार नाही. मधे आपण इतकं बदललं की आता वेगळं काढता येत नाही.”

मी तिथेच उभी होते. बाकीचे गेले. मी सरांना म्हणाले, “सर, एक विचारू का?”

“विचारा.”

“ह्यांचं नक्की काय झालं असंल? पहिला ताप, मग डोळे पिवळे. तुम्ही सांगा. तुम्हाला पिवळ्याचं कळतं.”

आता लिहिताना मला हा प्रश्न वेडगळ वाटतो. माणसाचा ताप आणि केळीचे पान. पण तेव्हा मला दुसरे विचारायला कुणी नव्हते. सर हसले नाहीत. ट्रे खाली ठेवला. हात धुतले. मग म्हणाले, “वहिनी, मला माहीत नाही. आणि त्यात इतकं काही बदलत गेलं की आता ते कुणालाच वेगळं काढता यायचं नाही. पण तुम्ही काही कमी केलं, असं मात्र मी म्हणणार नाही.”

तोवर मला सगळ्यांनी काही ना काही उत्तर दिले होते. देवाची मर्जी, आयुष्याची दोरी, कारखान्याचे पाणी, कुणाची दृष्ट. ‘मला माहीत नाही’ असे सरळ म्हणणारे सर पहिलेच. त्याने माझे दुःख हलके झाले असे म्हणणार नाही, ते तेवढेच आहे. पण ते एका जागी बसले. असे का व्हावे, हे मला कळत नाही.

आढी हलली तरी पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी झाली नाहीत. पुष्कळ रोपे गेली. कन्हेरीची उरली ती एका ट्रेच्या कोपऱ्यात मावतील एवढी. साहेब म्हणाले, एवढा लहान लॉट जागा अडवतो. तेव्हा सर मला न विचारता कन्हेरीला गेले आणि दिरांना भेटले. मी घरी होते, चुलीपाशी.

“भाऊ, विहिरीकडंचा एक कोपरा मागायला आलोय.”

“सर, उसात केळी कशी लावायची? पाणी कोण बघंल?”

“वहिनी बघतील.”

“त्या कामावर जात्यात.”

“जायच्या आधी बघतील. आल्यावर बघतील. भाऊ, ही तुमच्या भावानं मला फडक्यात गुंडाळून दिलेली केळ आहे. मी परत द्यायला आलोय.”

दीर उठून बाहेर गेले. मला वाटले, रागावले. थोड्या वेळाने विहिरीकडून कुदळीचा आवाज आला.

आम्ही रोपे थोडे दिवस हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवून मग लावली. उन्हात आली आणि पुन्हा पाने गेली. जी पाने दिव्याखाली वाढली होती ती पांढुरकी पडून करपू लागली. मी सरांना निरोप पाठवला. सर मोटारसायकलवरून आले, बांधावर लांब उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, “ही जाणारच.”

“मग?”

“दिव्यातली पानं उन्हाच्या कामाची नसतात, वहिनी. ती जातात. त्यांच्याकडं बघू नका. मधला सुरळीचा कोंब बघा.”

मी जवळ जाऊन बघितले. करपलेल्या पानांच्या मधोमध गुंडाळलेले नवे पान होते, काडीएवढे. ते उलगडले तेव्हा मी लुगडे बघावे तसे सगळ्या बाजूंनी बघितले. दारात न्यायची गरज नव्हती, ऊनच होते.

सरांचे मोठे काम म्हणाल तर त्या खोलीतून पुढे हजारो रोपे निघाली आणि इंदापूर-बारामतीच्या किती मळ्यांत गेली. त्यावर जाणकार लिहितीलच. माझ्यापुरते सांगायचे तर सरांनी मला मासिके वाचायला दिली आणि अडलेला शब्द विचारायला कधी लाजवले नाही. माझ्या मुलीच्या लग्नात ते मांडवात वाढप करत होते. पण सगळ्यांत जास्त त्यांनी मला काय दिले, ते नावाने सांगता येत नाही. सर म्हणतील, नाव शेवटी ठेवायचे. मी अजून त्या शेवटापर्यंत आलेले नाही.

विहिरीकडे आता पुन्हा बेटे आहेत. ती तीच आहेत की दुसरी, हे मला आजही ठरवता येत नाही. घड भरदार येतो, शेवटच्या फणीपर्यंत सारखा. दीर कधी कधी तिथे जाऊन लांबून बघत उभे राहतात.

सरांच्या एकसष्टीच्या दिवशी मी त्यातलाच एक घड घेऊन येणार आहे. कच्चाच आणणार आहे, कारण प्रवासात पिकले केळ चेंगरते. सर, पिकेपर्यंत तो घरी माळ्यावर ठेवा, उजेडाच्या खोलीत नको. तात्यांनाही बोलावले आहे, त्यांची नजर घडावर असेलच. आणि असा घड दर वर्षी येत राहील. तो पिकायची वाट बघायला, आणि लांबून बघून ‘म्होरं चालतंय’ म्हणायला, सर धडधाकट असावेत, पुष्कळ वर्षे असावेत, एवढे एकच मला नक्की माहीत असलेले मागणे.